शाळेचा परिसर मुलांच्या हाती : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्राथमिक शाळांमधल्या पर्यावरण प्रकल्पांबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रं शिक्षकांची आहेत, पालकांची आहेत आणि एक चौथीतल्या मुलीचंही आहे. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण दिसते. काम मुलांचं म्हणायचं आणि ठरवायचं मात्र मोठ्यांनी, अशी सवय आपल्याला जडली आहे.

आमच्या शाळेत वृक्षदिंडी, पोस्टर स्पर्धा, पर्यावरण दिन सगळं होतं. मग ‘मुलांनी चालवलेला प्रकल्प’ म्हणजे वेगळं काय करायचं? पहिली ते चौथी मिळून ५२ मुलं आहेत आणि शिक्षक दोनच.
– शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, सातारा जिल्हा

दोन गोष्टी तपासून पाहा. तुम्ही आठवडाभर प्रशिक्षणाला गेलात तर काम चालू राहतं का? आणि मुलांनी ठरवलेली गोष्ट तुमच्या मनात नसली तरी ती होते का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर मुलं राबतात, चालवत नाहीत. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांना वापरून घेणं, सजावटीसाठी उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं या तिच्या खालच्या तीन पायऱ्या. त्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. हातात फलक देऊन दिंडीत चालवणं बहुतेक वेळा याच तीन पायऱ्यांवर राहतं.

सुरुवात फेरीपासून करा. पाच-पाच मुलांचे गट करा, प्रत्येक गटात सगळ्या इयत्तांची मुलं घ्या. शाळेच्या आवाराचा कच्चा नकाशा खडूने फरशीवर काढा. गटांनी अर्धा तास फिरून यावं आणि नकाशावर तीन प्रकारच्या खुणा कराव्यात : पाणी कुठे वाया जातं, कचरा कुठे साठतो, सावली कुठे नाही. या फेरीत शिक्षकाने काहीही दाखवायचं नाही. मुलांना दिसणाऱ्या गोष्टी मोठ्यांच्या नजरेतून सुटतात, कारण त्या जमिनीपासून तीन फुटांच्या आत असतात.

दुसऱ्या आठवड्यात मोजायचं. हा टप्पा गाळला की प्रकल्प घोषणांवर जातो. गळका नळ सापडला असेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं मिलिलिटरच्या खुणा असलेलं टोपण त्याखाली धरा आणि घड्याळ लावा. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला ६० थेंब गळत असतील तर ३ मिलिलिटर, तासाला १८० आणि दिवसाला सव्वाचार लिटरच्या आसपास. चौथीच्या मुलांना हा हिशेब जमतो. तो त्यांनी मांडला की सरपंचांना पत्र लिहायला त्यांना वेगळा मजकूर सुचवावा लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात निवड. पुढे आलेल्या अडचणींपैकी एकच घ्यायची. प्रत्येक मुलाला तीन चिंचोके द्या, त्याने ते हव्या त्या चित्रासमोर ठेवावेत. पहिलीच्या मुलांचे चिंचोके आधी ठेवून घ्या, नाहीतर ती मोठ्यांकडे पाहून ठेवतात. मतदानाआधी दोन अटी सांगा : दिवाळीपर्यंत फरक दिसला पाहिजे, आणि काम मुलांच्या हातांना झेपलं पाहिजे.

शिक्षकाच्या हाती दोनच निर्णय ठेवा, सुरक्षितता आणि पैसा. काय, केव्हा आणि कोणी हे मुलांनी ठरवावं. शालेय मंत्रिमंडळ असेल तर पाणीमंत्री आणि स्वच्छतामंत्री यांना पदासोबत वही द्या, आणि पदं दर महिन्याला बदला. वर्षभर एकच ‘मंत्री’ राहिला की बाकीची मुलं त्याचं ऐकणारी होतात. आनंददायी शनिवारी, म्हणजे शाळेतल्या उपक्रमांच्या दिवशी, वीस मिनिटांची बैठक पुरे. तिथे शिक्षकाने एवढंच विचारावं : काय मोजलं, काय बदललं, कुठे अडलं?

पोषण आहारातलं उरलेलं अन्न आणि पालापाचोळा आम्ही शाळेमागच्या खड्ड्यात टाकतो. खत होत नाही. वास येतो, माश्या होतात, शेजारी तक्रार करतात. मुलांचाही उत्साह गेला. काय चुकतं?
– मुख्याध्यापक, नाशिक जिल्हा

तीन गोष्टी चुकत आहेत, आणि पहिली खड्डाच आहे. खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं, हवा खालपर्यंत जात नाही, आणि हवेशिवाय कुजलं की घाण वास येतो. शिवाय मुलांना आत डोकावता येत नाही, वरखाली करता येत नाही. खत जमिनीवर करा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं कोरडं रचलेलं कुंड करा. सिमेंट नको, आणि प्रत्येक थरात दोन विटांमध्ये तीन-चार बोटांची फट सोडा. समोरची बाजू फळ्यांची ठेवा म्हणजे काढता येईल. वर जुना पत्रा. विटा नसतील तर भोकं पाडलेलं २०० लिटरचं पिंपही चालतं.

दुसरी चूक प्रमाणाची. मापासाठी एकच टोपली ठरवा. एक टोपली ओल्या कचऱ्याला तीन टोपल्या सुका पाला. ओला म्हणजे भाजीची देठं, साली, गवत. तळाशी अर्धा फूट काटक्या किंवा नारळाच्या शेंड्या टाका, म्हणजे खालून हवा येते. मग एक थर पाला, एक थर ओलं, पुन्हा पाला. सगळ्यात वर नेहमी पालाच दिसला पाहिजे. ओलं उघडं राहिलं की माश्या येणारच. सुरुवातीला एक बादली शेणकाला शिंपडा, किंवा कुठून जुनं खत मिळालं तर दोन घमेली मिसळा. पाला जानेवारी ते मार्चमध्ये भरपूर पडतो आणि पावसाळ्यात मिळत नाही, म्हणून तो जाळू न देता पोत्यांत भरून ठेवणं हे मुलांचं पहिलं काम. बहुतेक शाळांचं खत जुलैत बिघडतं ते सुका पाला संपल्यामुळे.

तिसरी चूक शिजलेल्या अन्नाची. तेल-मीठ असलेली खिचडी कुंडात गेली की उंदीर, घुशी आणि कुत्री येतात. ती कुंडात नकोच. मुळात खिचडी उरते का, हा मुलांनी सोडवायचा प्रश्न आहे आणि तो खतापेक्षा मोलाचा आहे. ताणकाटा आणि बादली घ्या. रिकाम्या बादलीचं वजन वहीत लिहून ठेवा. रोज उरलेल्याचं वजन करा, बादलीचं वजा करा आणि भिंतीवर स्तंभालेख काढा. दोन आठवड्यांत कोणत्या वाराला जास्त उरतं ते दिसतं. त्यानंतर मुलांनीच स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी बोलावं : आधी अर्धा डाव वाढा, हवं त्याला पुन्हा वाढा. लहान मुलाच्या ताटात मोठ्या मुलाएवढा डाव पडणं हे उरण्याचं नेहमीचं कारण असतं.

तपासणी मुलांना सहज जमते. मधला मूठभर माल हातात पिळायचा. एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पाला घाला आणि वरखाली करा. काहीच ओल नसेल, मुंग्या झाल्या असतील, तर पाणी शिंपडा. पाच मिनिटं आत खोचून ठेवलेली लोखंडी सळई बाहेर काढल्यावर कोमट लागली तर कुजण्याचं काम चालू आहे. दर आठ-दहा दिवसांनी वरखाली करायचं, पण पहिला दाताळा मोठ्या माणसाने मारावा. पाल्यात विंचू आणि साप असू शकतात, त्यामुळे मुलांनी हात घालायचा नाही आणि पायात बूट हवेत. जाड, पांढुरक्या-करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. माल फार ओला झाला आहे एवढं मात्र त्या सांगतात.

तीन-चार महिन्यांत पाला ओळखू येईनासा होतो आणि मातीचा वास येतो. तरी एक परीक्षा घ्या. करवंटीत खत भरून मेथीचे दहा दाणे पेरा. आठ उगवले तर खत तयार. तीन-चारच उगवले तर ते अजून कच्चं आहे, झाडांना घालू नका.

मी चौथीत आहे. आम्ही बाटलीचं पर्जन्यमापक केलं. पण आमचं माप आणि तालुक्याचं माप जुळत नाही. मुलं म्हणतात आपलं चुकलं. खरंच चुकलं का?
– विद्यार्थिनी, रत्नागिरी जिल्हा

चुकलं असेलच असं नाही. पाऊस गावोगावी वेगळा पडतो. दोन वाड्यांमध्येही फरक असतो, तू तो पाहिलाच असशील. पण आधी तुझं मापक तपासून घे.

बाटली दोन लिटरची आणि अंगाने सरळ हवी, मध्ये आवळलेली नको. मान जिथे रुंद होऊन सरळ होते तिथे बाईंकडून कापून घे आणि तोच वरचा भाग उलटा करून आत बसव. तोंड आणि अंग एकाच रुंदीचं असलं की आत साठलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पाऊस, मिलिमीटरमध्ये. दुसरं मोठं नरसाळं लावलंस तर माप जास्त येईल. बहुतेक मुलांची चूक इथेच होते. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून तळाशी खडे टाक आणि बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भर. तिथे शून्याची रेघ. रेघेपासून वर पट्टी चिकटव. ऊन पडलं की हे पाणी आटतं, म्हणून रोज माप घेतल्यावर पाणी पुन्हा रेघेपर्यंत आणायचं.

जागा मोकळी हवी. शाळेचं छप्पर चार मीटर उंच असेल तर मापक छपरापासून निदान आठ मीटर दूर ठेव. वळचणीखाली किंवा झाडाखाली नको. बाटली विटांमध्ये घट्ट बसव, कलंडली तर माप बिघडतं. वाचताना खाली बसून डोळा पाण्याच्या पातळीवर आण.

वेळ फार महत्त्वाची आहे. हवामान खातं सकाळी साडेआठला माप घेतं आणि ते मागच्या चोवीस तासांचं असतं. तुमची शाळा साडेदहाला भरत असेल आणि तुम्ही अकराला मोजत असाल, तर दोन्ही मापं जुळणार कशी? शाळेजवळ राहणाऱ्या दोघांनी साडेआठला माप घ्यायचं ठरवा. रविवारीसुद्धा घ्यायचं, नाहीतर सोमवारचं माप दोन दिवसांचं होईल. तुमच्याकडे एका दिवसात २०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडू शकतो आणि तेव्हा बाटली भरून वाहील. म्हणून जोराच्या पावसात संध्याकाळीही वाचून, ओतून, पुन्हा शून्यावर आणून ठेव आणि दोन्ही मापांची बेरीज कर. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर हवामान खातं त्या दिवसाला ‘पावसाचा दिवस’ म्हणतं. २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिशय मुसळधार.

मापं जमली की एक गणित कर. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर ६० चौरस मीटर असेल आणि पाऊस १० मिलिमीटर पडला तर ६०० लिटर. गळती आणि उडणारं पाणी सोडून पाचातले चार भाग धर. तुमच्या शाळेच्या पन्हाळीतून जून महिन्यात किती पाणी वाहून गेलं ते काढ आणि ग्रामसभेत सांग.

माझ्या मुलाला शाळेत ‘प्रकल्प’ म्हणून कचरा उचलायला लावतात. हे योग्य आहे का?
– पालक, ठाणे

कोणता कचरा, कशाने आणि कोणाकडून, यावर उत्तर ठरतं.

वर्गातले कागद, वेष्टनं, आवारातला पाला मुलांनी उचलण्यात गैर काही नाही. त्यासाठी त्यांच्या हाताच्या मापाचे हातमोजे हवेत (मोठ्यांचे हातमोजे लहान हातातून निसटतात), चिमटा हवा आणि नंतर साबणाने हात धुणं हवं. काच, ब्लेड, सुया, औषधं, डायपर, सॅनिटरी पॅड, मेलेले प्राणी, गटार आणि शौचालय यांना मुलांनी हात लावायचा नाही. रस्त्यावरची आणि ओढ्याकाठची कचरावेचणी प्राथमिकच्या मुलांकडून करून घेऊच नये, तिथे हे सगळं मिसळलेलं असतं.

आणखी एक गोष्ट पाहा. झाडू मुलींच्याच हातात आणि माईक मुलांच्या हातात असं होतं का? ठरावीक घरांतल्या मुलांनाच घाणीचं काम सांगितलं जातं का? शिक्षा म्हणून साफसफाई लावतात का? यातलं काहीही दिसलं तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत स्पष्ट बोला. शिक्षण हक्क कायद्याने ही समिती बंधनकारक केली आहे आणि तिच्या सदस्यांत तीन चतुर्थांश पालक असतात. पाळी हजेरी क्रमांकाने लावा म्हणावं, म्हणजे ती सगळ्यांवर सारखी येते.

दरवर्षी मुलं सीडबॉल करून डोंगरावर टाकतात आणि शाळेत ५० रोपं लावतात. पुढच्या जूनला पाच-सहाच जगलेली असतात. टिकाव कसा लागेल?
– शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, बीड जिल्हा

सीडबॉलबद्दल, म्हणजे आत बिया ठेवलेल्या मातीच्या गोळ्यांबद्दल, आमचं मत कडक आहे : प्राथमिक शाळेने ते करू नयेत. उघड्या मुरमाड डोंगरावर पडलेल्या गोळ्यातून रोप आलंच, तर शेळ्यांपासून आणि मार्चच्या उन्हापासून त्याला वाचवणारं कोणी नसतं. मुख्य म्हणजे मुलांना त्यातलं एकही झाड पुन्हा भेटत नाही. चुकलं काय हे कळायला झाड रोज डोळ्यांसमोर हवं.

५० रोपांऐवजी दहा लावा. आकडा खड्ड्यांवरून ठरवायचा नाही, मे महिन्यात मिळणाऱ्या पाण्यावरून ठरवायचा. एका रोपाला दर चार दिवसांनी सात लिटर धरले तर दहा रोपांना ७० लिटर लागतात. पाच-सहा मुलांच्या कळश्यांनी हे भागतं. ५० रोपांना टँकर लागतो.

आमचा सल्ला असा की रोपवाटिकेच्या मागे न लागता बी थेट खड्ड्यात पेरा. करंज, चिंच, कडुलिंब, बहावा ही झाडं अशी छान येतात. त्यांचं सोटमूळ पहिल्या वर्षी सरळ खाली जातं. अर्ध्या लिटरच्या पिशवीत वर्षभर ठेवलेल्या रोपाचं मूळ तळाशी गुंडाळलं जातं, आणि असं झाड पुढे वाऱ्यात उभं राहत नाही. खड्डे दीड फूट लांब, रुंद आणि खोल. मोठ्यांनी ते एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत. भरताना वरची माती खाली टाका आणि सोबत एक घमेलं कुजलेलं खत. चांगला पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की प्रत्येक खड्ड्यात तीन बिया, पेराभर खोल. तिन्ही उगवल्या तर ऑगस्टमध्ये सगळ्यात जोमदार रोप ठेवा. कोणतं ठेवायचं ते मुलांना ठरवू द्या. त्यावर बराच वाद होतो, आणि तो व्हायला हवा.

बी गोळा करणं मुलांना फार आवडतं, पण त्याची वेळ सांभाळावी लागते. कडुलिंबाच्या लिंबोळ्या जून-जुलैत पिकून पडतात. गर धुऊन बी सावलीत सुकवा आणि दोन आठवड्यांच्या आत पेरा. ते पुढच्या वर्षासाठी ठेवलं तर उगवत नाही. जांभळाची बी तर सुकूच द्यायची नाही, खाल्ली की पेरली. तिच्या एका बीतून दोन-तीन कोंब आले तर आश्चर्य वाटून घेऊ नका, ती तशीच असते. बहाव्याचं बी याच्या उलट. त्याचं कवच इतकं टणक असतं की नुसतं पेरलं तर महिनोन्‌महिने मातीत पडून राहतं. पॉलिश पेपरवर एका बाजूने घासून रात्रभर पाण्यात भिजवा, बी फुगलं की पेरा.

उन्हाळ्यासाठी मडकं. सात लिटरच्या मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवा. रोपापासून फूटभर अंतरावर मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि वर झाकण ठेवा, नाहीतर डास होतील. रोपाभोवती चार बोटं जाडीचं पाल्याचं आच्छादन करा, पण पाला खोडाला टेकू देऊ नका, वाळवी लागते. सलाईनच्या वापरलेल्या बाटल्या ठिबकासाठी टांगण्याची पद्धत काही शाळांत दिसते. ती बंद करा. तो दवाखान्याचा जैववैद्यकीय कचरा आहे. शेळ्यांसाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचं छातीइतकं उंच कुंपण लागतंच.

फुलझाडं भरपूर लावली, तरी फुलपाखरं येत नाहीत.
– शिक्षक, कोल्हापूर

फुलांवर फुलपाखरू जेवायला येतं, राहायला नाही. अंडी घालायला त्याला अळीच्या खाण्याचं झाड लागतं, आणि प्रत्येक जातीचं झाड ठरलेलं असतं. लिंबू आणि कढीपत्ता लावा, लिंबाळी फुलपाखरू येईल. त्याची अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे एका सत्रात मुलांना पूर्ण चक्र पाहता येतं. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं निलवंतही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. रुईवर बिबळ्या कडवा येतो, पण रुईचा चीक डोळ्याला घातक असतो. ती कुंपणाबाहेर राहू द्या. फुलांमध्ये एकेरी पाकळ्यांची निवडा. भरगच्च पाकळ्यांच्या संकरित फुलांत मध कमी असतो किंवा फुलपाखराची सोंड तिथवर पोचत नाही. पानं कुरतडलेली दिसली की फवारणी करायची ही सवय मात्र सोडावी लागेल.

आमची शाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. मैदान नाही, माती नाही. आम्ही काय करणार?
– शिक्षिका, महापालिका शाळा, मुंबई

कचरा आणि वीज हे दोन प्रकल्प तुमच्यासाठीच आहेत.

एका दिवसाचा संपूर्ण शाळेचा सुका कचरा जुन्या चादरीवर ओता आणि मुलांना ढीग करू द्या : कागद, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, आतून चमकणारी वेष्टनं, पेन आणि रिफिल, बाकीचं. वेष्टनांचं वजन करू नका, ती मोजा; वजनाला हलकी असल्यामुळे प्रश्न लहान वाटतो. मग भंगारवाल्या काकांना बोलवा आणि ते कोणता ढीग घेतात, कोणता घेत नाहीत हे मुलांना विचारू द्या. कागद, बाटल्या आणि धुतलेल्या पिशव्या ते घेतात. चमकणारी वेष्टनं घेत नाहीत, कारण त्यांत प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर चिकटलेले असतात आणि ते वेगळे करणं परवडत नाही. त्यामुळे मुलांनी लढाई त्या एका ढिगाशीच लढावी. वाढदिवसाच्या चॉकलेटऐवजी काय वाटायचं, हा ठराव मुलांनी स्वतः केला तर घरीही टिकतो. तो शाळेने काढलेला नियम असेल तर पालक पळवाट शोधतात.

विजेसाठी मीटर. सकाळी शाळा भरताना आणि सुटताना चौथीच्या दोन मुलांनी आकडा लिहून वजाबाकी करावी. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गांत दहा पंखे तासभर फिरले तर पाऊण युनिट जातं. एक आठवडा काहीही न बदलता मोजा, पुढचा आठवडा ‘शेवटी बाहेर पडणारा बटण बंद करेल’ हा नियम लावून मोजा. मुलांनी विजेच्या मुख्य फलकाला हात लावायचा नाही, मीटरची काच बाहेरून वाचायची. बटणं हाती येत नसतील तर त्यासाठी उंच मुलं नेमा; स्टुलावर चढणं नको.

परसबागेतून रोजच्या पोषण आहाराला भाजी पुरेल का?
– शिक्षक, सोलापूर जिल्हा

रोज पुरणार नाही. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. मुलं ६० असतील तर दिवसाला तीन किलो. पालकाच्या एका चौरस मीटर वाफ्यातून एका कापणीला किलोभर मिळते, म्हणजे तीन चौरस मीटरचा वाफा एका दिवसात संपला. आठवड्यातून एक दिवस स्वतःची भाजी हे ध्येय ठेवा. त्यासाठी असे चार वाफे लागतात आणि ते एकाच दिवशी न पेरता दर आठवड्याला एक पेरायचे. सगळं एकदम पेरणं ही परसबागेतली सगळ्यात मोठी चूक. एका आठवड्यात भाजी वाया जाते, पुढचे तीन आठवडे काहीच नसतं.

वाफा तीन फुटांपेक्षा रुंद नको; दोन्ही बाजूंनी मुलाचा हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर ती आत पाय देतात आणि माती दबते. पावसाळ्यात पालेभाजी सडते, तेव्हा भेंडी, गवार, चवळी, दोडका घ्या. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा. मेथी २५ ते ३० दिवसांत येते, म्हणून पहिलीच्या मुलांना मेथी द्या, त्यांना जास्त थांबवत नाही. चवळीवर मावा आला तर पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊन काढा.

जेवणाआधी हात धुतलेलं पाणी याच बागेकडे वळवता येतं. नळाखाली बादली ठेवून एका मुलाला किती पाणी लागतं ते आधी मोजा. पाण्याच्या वाटेवर भोकं पाडलेल्या जुन्या डब्यात नारळाच्या शेंड्या भरून गाळणी ठेवा आणि ती दर शनिवारी धुवा. भाताची शितं अडकून ती तुंबते. हे पाणी केळी, पपई आणि अळूला द्या, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीला आणि मुळ्याला देऊ नका. पाणी उरत असेल तर एक मीटर लांब-रुंद-खोल शोषखड्डा मोठ्या माणसांकडून खणून घ्या : खाली मोठे दगड, मध्ये मध्यम, वर बारीक खडी. विहीर किंवा बोअर निदान १५ मीटर दूर हवी. तुमच्याकडे काळी माती असेल तर आधी परीक्षा घ्या. फूटभर खोल लहान खड्डा पाण्याने भरून मुलांनी तासाभरात पातळी किती उतरली ते काडीने मोजावं. बोटभरही उतरली नाही तर त्या जागी शोषखड्डा चालणार नाही.

चौथीची मुलं शाळा सोडून गेली की काम थांबतं. दर जूनला शून्यापासून सुरुवात.
– मुख्याध्यापिका, रायगड जिल्हा

हस्तांतरण एप्रिलमध्ये करू नका, तेव्हा परीक्षा असतात. जानेवारीत चौथीच्या प्रत्येक मुलासोबत तिसरीचं एक मूल जोडा. फेब्रुवारीत दोघांनी मिळून काम करायचं, मार्चमध्ये तिसरीच्याने करायचं आणि चौथीच्याने नुसतं पाहायचं. हे पाहणं मोठ्या मुलांना जड जातं, त्यांना मध्येच हात घालावासा वाटतो. तेव्हा त्यांना आठवण करून द्या.

वही एकच ठेवा, जाड पुठ्ठ्याची, दोरीने खिळ्याला टांगलेली. त्यात तीन भाग पुरतात : रोजची मापं, ठराव आणि ‘काय बिघडतं’. तिसरा भाग मुलांच्याच शब्दांत असू द्या. ‘पाला संपला की वास येतो’, ‘शेळी मागच्या दारातून येते’ अशा ओळी नव्या गटाला कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर समजतात. शुद्धलेखन तपासून लाल शाई करू नका.

सुट्टीतली पाणीपाळी चौथीने नव्हे, तिसरीने लिहावी, कारण जूनमध्ये तीच मुलं शाळेत असणार आहेत. प्रत्येक झाडासमोर दोन नावं, दोन्ही शाळेजवळच्या घरांतली, आणि दोघांपैकी एक मामाकडे गेलं तर दुसऱ्याने कोणाला सांगायचं ते तिसरं नाव. यादीची एक प्रत शाळेच्या फाटकावर लावा आणि एक अंगणवाडी ताईंकडे द्या. मे महिन्यात गावात त्या असतात.